फोन वाजतो, पण आत्याला ऐकू येत नाही: एका रिंगटोनचं प्रकरण

आत्याच्या फोनवर त्या दिवशी अकरा मिस्ड कॉल होते आणि त्यातले सात माझे होते. शेवटी मी शेजारच्या काकूंना फोन करून दार वाजवायला सांगितलं. दार आत्यानेच उघडलं. ती घरातच होती, धडधाकट होती. फोन चार्जिंगला लावलेला होता आणि सायलेंटवरही नव्हता. तिचं म्हणणं एकच, "अगं, वाजलाच नाही तो."

तो वाजला होता. दुसऱ्या दिवशी मी तिच्याकडे गेले, तिला स्वयंपाकघरात भांडी विसळायला सांगितली आणि बाहेरच्या खोलीतून तिचा नंबर लावला. मला दोन दारांपलीकडे फोन लख्ख ऐकू येत होता. ती पाठमोरी उभी होती आणि भांडी विसळत राहिली. रिंग पूर्ण वाजून कॉल कट झाला, तरी तिने मान वळवली नाही. नळ बंद करून पुन्हा लावला तेव्हा ती म्हणाली, "काहीतरी किणकिणतंय बघ कुठेतरी." आपला फोन वाजतोय हे तिच्या लक्षात आलं नाही.

आत्याचं वय ७४. ती एकटी राहते आणि तिच्याशी आमचा सगळा संपर्क त्या फोनवर आहे. त्यामुळे ती फोन उचलते की नाही, हा आमच्यासाठी काळजीचा प्रश्न होता. पुढचे तीन आठवडे आम्ही दोघींनी मिळून तो सोडवला आणि त्यासाठी काही विकत घ्यावं लागलं नाही. वयस्कर माणूस असलेल्या बऱ्याच घरांत हीच अडचण असणार, म्हणून सगळं तपशिलात लिहिते आहे.

आधी फोन तपासला

रिंगटोन बदलण्याआधी फोनची साधी तपासणी केली. त्यातच तीन गोष्टी सापडल्या.

पहिली, आवाजाची पट्टी. फोनमध्ये रिंगचा आवाज आणि गाणी-व्हिडिओंचा आवाज या दोन वेगळ्या पट्ट्या असतात. आत्या कडेचं बटण दाबून आवाज मोठा करायची, तो व्हिडिओचा व्हायचा. रिंगची पट्टी अर्ध्याच्याही खाली होती. आयफोन वापरणाऱ्यांच्या बाबतीत उलटं घडू शकतं. 'बटणांनी बदला' हा पर्याय चालू असेल, तर खिशात बटण दाबलं जाऊन रिंगच हळू होते. तो पर्याय बंद केलेला बरा.

दुसरी, रिंग हळू सुरू होऊन चढत जाण्याची सोय. काही फोनमध्ये ती असते आणि आत्याच्या फोनमध्ये ती चालू होती. पहिले काही सेकंद त्यामुळे वायाच जात होते.

तिसरी गोष्ट मला आधी सुचली नव्हती. फोनचा स्पीकर खालच्या कडेला असतो. आत्याने फोनला घातलेल्या जाड कव्हराचं भोक त्या जाळीपासून थोडं सरकलेलं होतं आणि जाळीत पिशवीतला कापसासारखा मळ बसला होता. मऊ, कोरड्या ब्रशने जाळी हलकेच झाडली आणि कव्हर बदललं. फरक लगेच कळला. कोणाला एवढंच करायचं असेल तर एवढं तरी जरूर करा.

पण नळ चालू असताना तिला तरीही ऐकू येईना.

मोफत म्हणून आलेली रिंगटोन

आत्याने स्वतःहून एक उपाय आधीच करून पाहिला होता आणि तो तिने मला सांगितला नव्हता. व्हिडिओ बघताना 'मोठ्या आवाजाच्या मोफत रिंगटोन' अशी जाहिरात आली. तिने ती दाबली, समोर आलेल्या चौकटीत आपला मोबाइल नंबर घातला आणि 'होय' म्हटलं. रिंगटोन काही बदलली नाही. दर आठवड्याला शिल्लक मात्र कमी व्हायला लागली. तिला वाटलं, आपण जास्त बोलतोय.

कंपनीच्या मदत क्रमांकावर बोलल्यावर कळलं की ती कॉलर ट्यूनची वर्गणी होती. हा गोंधळ खूप जणांचा होतो, म्हणून स्पष्ट सांगते. रिंगटोन आपल्या फोनमध्ये वाजते आणि आपल्याला ऐकू येते. कॉलर ट्यून आपल्याला फोन करणाऱ्याला ऐकू येते. ती कंपनीच्या यंत्रणेत असते, आपल्या फोनमध्ये नसते, म्हणून तिचे पैसे पडतात. आत्याला जे हवं होतं त्याच्याशी तिचा काही संबंध नव्हता. वर्गणी बंद करून घेतली आणि 'बंद झाली' असा मेसेज येईपर्यंत मी फोन खाली ठेवला नाही.

त्यानंतर तिच्या फोनमध्ये एक रिंगटोनचं ॲपही सापडलं. रिंगटोन लावून देणाऱ्या ॲपला फोनची सेटिंग बदलायची परवानगी लागते, ते ठीक आहे. एखाद्याच व्यक्तीसाठी वेगळी टोन लावायची असेल तर संपर्कयादीची परवानगीही समजू शकते. या ॲपने मेसेज वाचण्याची आणि ठिकाणाची परवानगी घेतलेली होती. रिंग वाजवायला आत्या कुठे आहे हे कळण्याची गरज काय? ते ॲप काढून टाकलं. सगळीच ॲप अशी नसतात, जाहिराती दाखवून नीट चालणारीही आहेत. पण परवानग्यांची यादी आधी वाचायची, हा नियम आत्याने आता वहीत लिहून ठेवला आहे.

रिंगटोनसाठी पैसे मोजायची सवय लागली त्यामागे एक कारण होतं. १९९८ मध्ये फिनलंडच्या वेसा-मत्ती पानानेन यांनी मेसेजमार्फत फोनवर रिंगटोन पाठवण्याची सेवा काढली. अशी पहिली व्यापारी सेवा म्हणून तिचं नाव घेतलं जातं. त्या काळच्या फोनमध्ये आपली फाइल घालायला रस्ताच नव्हता. सूर, त्याची लांबी, सप्तक असं अक्षर-आकड्यांत लिहून मेसेजने पाठवायचं आणि फोन ते एकेक सूर काढून वाजवायचा. तिथे विकत घेणं समजण्यासारखं होतं. आजच्या स्मार्टफोनमध्ये आपली स्वतःची फाइल रिंगटोन म्हणून फुकट लावता येते. मग वर्गणी कशाची भरायची, हे मला खरंच कळत नाही.

कानाचा आलेख आणि फोनचा आलेख

आत्याची कानांची तपासणी वर्षभरापूर्वी झाली होती. श्रवणयंत्रही आहे, पण घरात एकटी असताना ती ते काढून ठेवते. तपासणीचा कागद, म्हणजे ऑडिओग्राम, फायलीत नीट ठेवलेला होता. मी तो पहिल्यांदाच लक्ष देऊन पाहिला आणि सगळं उलगडलं.

ऑडिओग्रामवर आडव्या रेषेवर २५०, ५००, १०००, २०००, ४०००, ८००० असे हर्ट्झचे, म्हणजे सेकंदाला किती कंपनं याचे, आकडे असतात. डावीकडे खर्ज, उजवीकडे उंच, बारीक आवाज. आत्याची रेघ १००० हर्ट्झपर्यंत बऱ्यापैकी वर होती. २००० पासून ती घसरायला लागत होती आणि ४००० पाशी पार खाली गेली होती. वयाबरोबर कमी होणारं ऐकू येणं बहुधा असंच असतं. आधी उंच, बारीक आवाज जातात, खालचे बराच काळ टिकतात.

मग फोनची रिंग काय आहे ते बघायचं ठरवलं. ऑडॅसिटी नावाचं एक मोफत सॉफ्टवेअर आहे, २००० सालापासून मिळतं आणि साध्या लॅपटॉपवर चालतं. फोन लॅपटॉपजवळ धरला, रिंग वाजवली, ती त्यात रेकॉर्ड केली आणि विश्लेषणाच्या मेनूतून तिचा वर्णपट काढला. कुठल्या हर्ट्झला आवाजाचा किती जोर आहे, याचा तो डोंगरासारखा आलेख असतो. आत्याच्या रिंगचा सगळ्यात उंच डोंगर ३००० च्या आसपास होता. जिथे तिचा कान कमी पडतो, नेमकी तिथेच तिच्या फोनची सगळी ताकद खर्च होत होती. त्यातून नळाचं पाणी म्हणजे सगळ्या पट्ट्यांत पसरलेला एकसारखा सूं-सूं आवाज. उरलेसुरले बारीक सूर त्याखाली झाकले जायचे.

फोन बनवणारे असे चमचमते सूर का निवडतात, तेही पटण्यासारखं आहे. निरोगी कान २००० ते ५००० हर्ट्झच्या पट्ट्यात सगळ्यात तीक्ष्ण असतो. शिवाय फोनचा स्पीकर नखाएवढा असतो, त्याला खर्ज झेपत नाही. साधारण ५०० हर्ट्झच्या खाली त्याचा जोर झपाट्याने ओसरतो. म्हणजे आमच्यासाठी खालून स्पीकरची मर्यादा होती आणि वरून आत्याच्या कानाची. मधली ५०० ते १५०० ची फट आमची. रिंगटोन तिथे बसवायची होती.

याच पट्ट्याचा आधार मला आणखी एका ठिकाणी मिळाला. आगीचे भोंगे पूर्वी ३००० हर्ट्झच्या वरचा कर्कश आवाज काढायचे. झोपलेल्या आणि कमी ऐकू येणाऱ्या माणसांवर चाचण्या झाल्या तेव्हा ५२० हर्ट्झचा चौकोनी तरंग (हळूहळू नाही, एकदम वर-खाली होणारा आवाज) त्यापेक्षा कितीतरी अधिक परिणामकारक ठरला. अमेरिकेतल्या आगीच्या इशाऱ्यांच्या एनएफपीए ७२ या नियमावलीत झोपण्याच्या जागांसाठी हा खालचा आवाज आलेला आहे. चौकोनी तरंगाची खुबी अशी की ५२० च्या सुराबरोबर त्याच्या तिप्पट १५६०, पाचपट २६०० असे उपसूरही वाजतात. एक पट्टा ऐकू आला नाही तर दुसरा येतो. आणि तितक्याच उंचीच्या गुळगुळीत तरंगापेक्षा त्यात ३ डेसिबल जास्त जोर मावतो.

जे जमलं नाही

आत्याला सुरुवातीला तिच्या आवडीचं एक जुनं गाणं हवं होतं. तिच्याकडे त्याची सीडी होती, त्यावरून घेतलं. (गाण्यांच्या ॲपमध्ये 'डाउनलोड' केलेली गाणी कुलूपबंद असतात, त्यातून तुकडा काढता येत नाही.) गाण्याची सुरुवात मंद वाद्यांनी होते आणि आवाज भरायला जवळजवळ पाव मिनिट लागतं. फोन काही अनंतकाळ वाजत नाही, ठरावीक सेकंदांनी कॉल सुटतो. म्हणून धृपद जिथे जोरात येतं तिथपासून कापलं. नळ बंद असताना तिला ते ऐकू यायला लागलं आणि आम्हा दोघींना वाटलं, झालं काम.

दोन दिवसांनी पुन्हा मिस्ड कॉल. विचारलं तर म्हणाली, "ऐकलं की मी. किती छान लागलं होतं रेडिओला."

मला हे या सगळ्या प्रकरणातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. ऐकू येणं आणि 'हा माझा फोन आहे' हे कळणं या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. घरात टीव्ही असतो, शेजारी रेडिओ असतो, खाली कोणाच्या तरी गाडीत गाणं लागलेलं असतं. गाणं त्या सगळ्यात विरघळून जातं. ज्याचे कान चांगले आहेत त्याला दिशा आणि अंतर लगेच कळतं. ज्याचे वरचे सूर गेलेले असतात त्याला आवाज कुठून येतोय हे ओळखणंही कठीण जातं. रिंग घरातल्या दुसऱ्या कुठल्याही आवाजासारखी नसली पाहिजे. माझ्या भाच्याने "आजी, फोन आलाय!" असं ओरडून रेकॉर्ड करून पाठवलं होतं. ते इतकं गोड होतं की आत्याने पाच वेळा ऐकलं. पण तेही याच कारणाने पडलं. तिला वाटलं, खाली मुलं खेळतायत.

मग घंटा. फ्रीसाउंड नावाचं संकेतस्थळ बार्सिलोनाच्या पोंपेउ फाब्रा विद्यापीठातल्या संगीत-तंत्रज्ञान गटाने २००५ मध्ये सुरू केलं. जगभरच्या लोकांनी रेकॉर्ड केलेले आवाज तिथे मोफत मिळतात, फक्त खातं काढावं लागतं. प्रत्येक आवाजाखाली परवाना लिहिलेला असतो. सीसी-शून्य असेल तर कसाही वापरा. काहींना श्रेय द्यावं लागतं, काही व्यापारी कामासाठी चालत नाहीत. स्वतःच्या फोनपुरतं वापरायला यातला कुठलाही चालतो. मला वाटतं, आयत्या आवाजांसाठी रिंगटोनच्या ॲपपेक्षा ही जागा कितीतरी चांगली. तिथून पितळी घंटेचा एक सुरेख ठोका घेतला, पण वर्णपट काढला तर त्याचेही डोंगर २००० च्या पुढेच. कानाला घंटा भारदस्त वाटते. नखाएवढ्या स्पीकरमधून तिचा भारदस्तपणा गळून पडतो आणि उरतो फक्त टणत्कार.

चौथा प्रयत्न तांत्रिकदृष्ट्या अचूक होता. ऑडॅसिटीत जनरेटच्या मेनूतून ५२० हर्ट्झचा चौकोनी तरंग तयार केला, अर्धा सेकंद आवाज, मग विराम. आत्याला नळ चालू असताना, मिक्सर चालू असताना, पहिल्याच ठोक्याला ऐकू आला. ती दचकून पळत आली. छातीवर हात ठेवून म्हणाली, "हे काढ बाई. दिवसातून चार वेळा असा जीव घेणार का तो?"

तिचं बरोबर होतं. ज्या आवाजाची भीती वाटते तो माणूस दोन दिवसांत बंद करून टाकतो.

पेटी

उत्तर आत्याच्याच घरात होतं, कपाटावर, कापडात गुंडाळलेलं. ती तरुणपणी पेटी शिकली होती आणि अजून मधूनमधून वाजवते. मी आकडे सांगत होते, पाचशे हवेत, हजारच्या आत हवेत, आणि तिने विचारलं, "पाचशे म्हणजे कुठला सूर?" मी शोधलं. पांढरी एक या पेटीच्या पट्टीचा मधल्या सप्तकातला सा २६२ हर्ट्झ. त्याचा तार सा ५२३.

आगीच्या भोंग्याचे ५२० आणि पेटीचा तार सा ५२३. मी बराच वेळ त्या आकड्याकडे बघत बसले. शिवाय पेटीचा आवाज येतो तो पितळी पट्टीच्या थरथरण्यातून, हवा झटक्याझटक्याने सोडल्यामुळे. त्यामुळे मूळ सुराबरोबर भरपूर उपसूर निघतात, चौकोनी तरंगासारखेच, पण कानाला गोड. आणि आजूबाजूच्या कुठल्याही फोनमध्ये तो आवाज नव्हता.

आत्याने तार सप्तकातच पाच सुरांची एक ओळ बसवली: सा, ग, प, ग, सा. म्हणजे ५२३, ६५९, ७८४ आणि परत खाली. पाचही सूर आमच्या फटीत बसणारे. आधी तिने ते लडिवाळपणे, मींडेच्या अंगाने, एकमेकांत मिसळून वाजवले. ते ऐकायला सुंदर होतं, पण लांबून सगळं एकच लांबलचक सूं झालं. मग प्रत्येक सूर तोडून, भाता जोरात दाबून वाजवायला सांगितलं. तिसऱ्या वेळी हवा तसा आला.

रेकॉर्डिंग माझ्या फोनच्या साध्या रेकॉर्डरवर केलं, पेटीपासून हातभर अंतरावर, पंखा आणि नळ बंद करून. अगदी जवळ धरलं तर भात्याची फुसफुस आणि पट्ट्यांची टकटक येते. फार लांब ठेवलं तर खोलीचा घुमारा मिसळतो.

पुढचं काम ऑडॅसिटीत, अर्ध्या तासाचं. सुरुवातीची शांतता कापली. दिसायला ती नगण्य असते, पण पाऊण सेकंद तरी निघालाच. कापताना झेड हे अक्षर दाबलं की निवडीची टोकं तरंग शून्य रेषा ओलांडतो तिथे सरकतात आणि कापलेल्या जागी 'टक्' असा आवाज येत नाही. मग हाय-पास फिल्टरने २०० हर्ट्झच्या खालचं सगळं काढलं. भात्याची गुरगुर तिथे असते. स्पीकर ती वाजवू शकत नाही, पण फाइलमधली जागा मात्र ती खाते. ती गेल्यावर उरलेला आवाज आणखी वर उचलता येतो. कंप्रेसरने हलके-जोराचे सूर एका पातळीवर आणले आणि शेवटी नॉर्मलाइज करून सगळ्यात उंच टोक उणे १ डेसिबलवर, म्हणजे फाइलच्या कमाल मर्यादेच्या किंचित खाली, ठेवलं. त्याच्याही वर रेटायचा मोह होतो. पण मग तरंगाची टोकं छाटली जातात, आवाज फाटतो आणि फाटलेल्या आवाजाने आधी डोकं दुखतं.

ओळ दोनदा, मग दोन सेकंद शांतता, मग पुन्हा ओळ दोनदा. शांतता मुद्दाम ठेवली. सलग आवाजाची मनाला सवय होते, थांबून पुन्हा सुरू झालेला आवाज लक्ष वेधतो. तीन ठोके आणि विराम हा नमुना मात्र टाळला, तो आगीच्या भोंग्यांचा ठरलेला आहे आणि त्याची आठवण होता कामा नये. सगळं मिळून २० सेकंद. फोन रिंगटोन संपली की पुन्हा पहिल्यापासून वाजवतो, त्यामुळे जास्त लांबीची गरज नाही. मोनो, एमपी३, १२८ केबीपीएस, फाइलचा आकार जेमतेम ३२० केबी.

एक गोष्ट कळकळीने सांगते. फाइल लॅपटॉपच्या स्पीकरवर किंवा हेडफोनवर ऐकून पसंत करू नका. ती ज्या फोनमधून वाजणार त्याच फोनवर, टेबलावर उताणा, पालथा आणि उशीखाली ठेवून ऐका.

फोनमध्ये घालणं

आत्याचा फोन अँड्रॉइड. केबल लावून त्याच्या 'रिंगटोन्स' नावाच्या फोल्डरमध्ये फाइल टाकली. फोल्डर नसेल तर त्या नावाचं तयार करता येतं. मग सेटिंगमध्ये आवाजाच्या विभागात रिंगटोनच्या यादीत ती आपोआप दिसली. काही फोनमध्ये यादीच्या टोकाला अधिकचं चिन्ह असतं, तिथून कुठलीही फाइल निवडता येते. केबल नसेल तर ईमेलने पाठवा, किंवा व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

ज्यांना मध्ये शांतता न ठेवता अखंड धून हवी असते त्यांना एमपी३ची एक अडचण जाणवते. या प्रकारात फाइलच्या दोन्ही टोकांना बारीकशी रिकामी जागा राहते आणि पुन्हा सुरू होताना ठेच लागल्यासारखं होतं. त्यांनी ओजीजी प्रकारात फाइल करावी. आम्हाला शांतता हवीच होती, म्हणून एमपी३ पुरलं.

माझ्या ताईकडे आयफोन आहे आणि तिलाही आत्याची पेटी हवी होती. आयओएस २६ पासून हे सोपं झालं आहे. ३० सेकंदांच्या आतली फाइल 'फाइल्स' ॲपमध्ये उघडायची, शेअर करायची आणि 'रिंगटोन म्हणून वापरा' निवडायचं. त्याआधीच्या आयफोनवर ॲपलच्याच मोफत गॅरेजबँड ॲपमध्ये फाइल घेऊन तिथून रिंगटोन म्हणून निर्यात करावी लागते, मर्यादा तीच ३० सेकंदांची. ताईने हा दुसरा रस्ता घेतला. थोडी शोधाशोध झाली, पण पैसे पडले नाहीत. चेहरा ओळखणाऱ्या आयफोनमध्ये आणखी एक सोय असते, आपण स्क्रीनकडे पाहिलं की रिंग हळू होते. कमी ऐकू येणाऱ्या माणसासाठी ती बंद करावी.

आत्याच्या फोनमध्ये फ्लॅशचा दिवा लुकलुकण्याची सोयही होती, ती चालू केली. अँड्रॉइड १४ पासून ती सुलभतेच्या सेटिंगमध्ये येते, आयफोनमध्ये तर कितीतरी आधीपासून आहे. दुपारी ती फारशी उपयोगी नाही, रात्री दिवे घालवल्यावर मात्र भिंत उजळते.

नंतर

पहिल्या आठवड्यात मी आत्याला न सांगता वेगवेगळ्या वेळी बारा वेळा फोन लावला. दहा वेळा तिने उचलला, बहुतेक वेळा दुसऱ्या ओळीच्या आत. एकदा ती अंघोळीला गेली होती आणि एकदा फोन पिशवीत, पिशवी कपाटात होती. कपाटाचं मी काही करू शकत नाही. कापडी पिशवीत एरवी पेटी चांगली ऐकू येते, कारण कापड बारीक सूर जास्त गिळतं आणि खालचे बरेचसे जाऊ देतं.

जुनी रिंग आणि पेटी मी एकदा आळीपाळीने वाजवून दाखवली, तिने डोळे मिटून ऐकायचं. जुनी वाजत असताना तिने विचारलं, "लावलीस का?"

मागच्या आठवड्यात तिने स्वतः फोन केला. माझ्या बाबांसाठी, म्हणजे तिच्या भावासाठी, वेगळी ओळ बसवली आहे म्हणाली. संपर्कयादीत एखाद्याच्या नावापुढे स्वतंत्र रिंगटोन लावता येते हे मी तिला सांगितलं होतं, ते तिने लक्षात ठेवलं. नव्या ओळीत मध्यम घेतला आहे आणि तो ६९८ हर्ट्झला येतो हे तिने वहीत पाहून मला सांगितलं. पेटी कापडातून काढलेलीच आहे. रविवारी रेकॉर्ड करायला बोलावलं आहे.